घरात भरलेली शाळा : पालकांच्या शंका आणि त्यांची उत्तरे

राज्यातील नागरी भागांतील शाळा १६ मार्च २०२० पासून बंद ठेवण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला, तेव्हा ही सुटी ३१ मार्चपर्यंतच असल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील प्राथमिक वर्गांच्या बाबतीत ती पावणेदोन वर्षांच्या आसपास लांबली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेल्या मुलाने दुसरीचे निम्मे वर्ष सरेपर्यंत वर्गातला बाक पाहिला नव्हता. अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी आणि शिस्त या तिन्ही गोष्टींचा भार या काळात घरावर पडला. हीच मुले २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसतील. त्यामुळे त्या काळात पालकांना पडलेले प्रश्न करोनाबरोबर संपले, असे मानता येत नाही. काही प्रश्नांची उत्तरे आज स्पष्ट झाली आहेत, तर काही चिंता अनाठायी होत्या, हेही दिसून आले आहे.

घटनाक्रम

मार्च २०२० : शाळा बंद. पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात प्रवेश. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबणीवर आणि एप्रिलमध्ये रद्द.

जून २०२० : शैक्षणिक वर्षाला ऑनलाइन पद्धतीने प्रारंभ.

जुलै २०२० : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत २ ते १९ जुलै या काळात पुन्हा कडक टाळेबंदी. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका. महिनाअखेरीस अभ्यासक्रमात २५ टक्के कपात.

एप्रिल २०२१ : दहावीची परीक्षा रद्द. जूनमध्ये बारावीचीही रद्द.

४ ऑक्टोबर २०२१ : शहरी भागातील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी.

डिसेंबर २०२१ : शहरी भागातील पहिली ते सातवीच्या वर्गांना परवानगी. राज्यातील पहिला ओमायक्रॉनबाधित याच महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रात आढळला.

जानेवारी २०२२ : तिसऱ्या लाटेमुळे शाळा पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या संमतीने टप्प्याटप्प्याने सुरू.

हे गृहशिक्षण होते का?

करोनाकाळात घरोघरी जे चालले होते, त्याला सरसकट ‘होमस्कूलिंग’ म्हटले गेले. काटेकोरपणे पाहता ते गृहशिक्षण नव्हते. गृहशिक्षणात पालक विचारपूर्वक शाळेबाहेर राहण्याचा निर्णय घेतात. काय शिकायचे, केव्हा आणि कोणत्या गतीने, हे घरातच ठरते. मुलाला ग्रंथालय, मैदान, कार्यशाळा, नातेवाईक, शेजारी असे बाहेरचे जग मोकळे असते. करोनाकाळात यांपैकी काहीच नव्हते. वेळापत्रक शाळेचे, पुस्तक शाळेचे, परीक्षा शाळेची, फक्त जागा आणि देखरेख घरची, अशी ती व्यवस्था होती. मैदाने, उद्याने आणि ग्रंथालयेही बंद होती.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. ‘घरी शिकवून पाहिले, पण जमले नाही’ असा निष्कर्ष त्या काळात अनेक पालकांनी काढला. वास्तविक त्यांनी साऱ्या जगाची दारे बंद असताना शाळेचे तास घरात भरवून पाहिले होते. त्या अनुभवावरून स्वतःच्या किंवा मुलाच्या कुवतीचा निवाडा करणे योग्य ठरत नाही.

मूल मागे पडेल का?

पालकांची ही सर्वांत मोठी चिंता होती. ती रास्त होती, पण तिचा रोख बहुधा चुकीच्या ठिकाणी होता. धडे किती झाले, स्वाध्याय पूर्ण झाले का, चाचणीत किती गुण मिळाले, याकडे घराघरांत लक्ष होते. शासनाने २०२० मध्ये पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला आणि पुढील वर्षीही ही सवलत ठेवली. २०२१ मध्ये दहावीचा निकाल परीक्षेविना लागला. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके, गृहपाठ यांना २० गुण, असे सूत्र ठरले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. राहिलेला एखादा धडा नंतर भरून काढता येतो, हे व्यवस्थेनेच अशा रीतीने मान्य केले.

खरे नुकसान वाचन आणि लेखनाच्या सरावाचे झाले. ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार, देशातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या आणि दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. ते २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेले. ही आकडेवारी शहरांची नाही. तरीही तिच्यातून दोन गोष्टी कळतात. लहान वर्गांतील वाचनाला मोठा फटका बसला आणि शाळा सुरू झाल्यावर नेमक्या प्रयत्नांनी तो भरूनही काढता आला.

लेखनाचा सराव तुटल्याची कबुली राज्य मंडळाच्या निर्णयातही दिसते. २०२२ मध्ये दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा पुन्हा केंद्रांवर झाल्या, त्या वेळी ७० ते १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकांसाठी अर्धा तास आणि कमी गुणांच्या प्रश्नपत्रिकांसाठी पंधरा मिनिटे वाढवून देण्यात आली. दीड-दोन वर्षे पडद्यावर पर्याय निवडणाऱ्या मुलांना सलग तीन तास लिहिणे जड जाणार, हे त्यामागचे कारण होते.

म्हणून शाळा कोणत्याही कारणाने बंद राहिली, तर रोज मोठ्याने वाचन, रोज अर्धे-एक पान हाताने लेखन आणि रोज थोडे तोंडी गणित, या तीन गोष्टी सुटू न देणे हाच पालकांचा पहिला कार्यक्रम असायला हवा. बाकीचे विषय नंतरही जुळवून घेता येतात.

पालकांनाच विषय येत नसेल तर?

ठाणे-डोंबिवलीतील आजच्या पालकांची एक मोठी पिढी मराठी माध्यमात शिकलेली आहे, मुले मात्र इंग्रजी माध्यमात आहेत. ‘लसावि’ आणि ‘मसावि’ उत्तम काढणाऱ्या वडिलांना मुलाच्या पुस्तकातील ‘एलसीएम’ आणि ‘एचसीएफ’ म्हणजे तेच, हे उमगायला वेळ लागला. मराठी माध्यमाच्या घरांतही वेगळी अडचण होती. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘त्रेपन्न’बरोबर ‘पन्नास तीन’ अशी संख्यावाचनाची सुटसुटीत रीत आणली. त्यावरून विधिमंडळातही वाद रंगला होता. वर्षभरातच हे पुस्तक घेऊन आईवडील मुलांसमोर बसले, तेव्हा पाढे पाठ केलेली पिढी आणि नवी रीत एकाच टेबलावर आली.

अशा वेळी पालकाने शिक्षक होण्याचा अट्टहास धरू नये. पद्धत पुस्तकाची ठेवावी आणि मुलालाच समजावून सांगायला लावावे. ‘हे कसे केलेस, मला सांग’ हा प्रश्न कोणत्याही विषयात चालतो आणि त्यासाठी पालकाला विषय येण्याची गरज नसते. मूल जिथे अडखळते, तिथेच त्याची अडचण असते. ती टिपून शिक्षकांना कळवणे, हे पालकाचे काम. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड ‘दीक्षा’ उपयोजनाशी जोडलेले आहेत आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यामुळे शंका पाहून घेण्याची सोयही आहे.

इंग्रजी माध्यमातील मुलाशी घरी इंग्रजीतच बोलावे का, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. मोडक्या इंग्रजीत समजावण्यापेक्षा संकल्पना घरच्या भाषेत पक्की करून घ्यावी आणि त्या विषयातील इंग्रजी संज्ञा तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवाव्यात. अपूर्णांक भाकरीच्या चतकोरावर कळला की, ‘फ्रॅक्शन’ हे त्याचे दुसरे नाव लक्षात राहायला वेळ लागत नाही.

एक खोली, एक मोबाइल

डोंबिवली-कल्याणमध्ये वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. एका खोलीत वडिलांचे कार्यालयीन काम, दोन भावंडांचे दोन वर्ग आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, हे त्या काळातील नेहमीचे चित्र होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार, देशातील शहरी भागातही इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ४२ टक्के आणि संगणक असलेली २३ टक्क्यांच्या आसपास होती. अनेक घरांत मोबाइल एकच होता आणि तो कामावर जाणाऱ्या व्यक्तीबरोबर घराबाहेर जात असे.

या शहरांच्या बाबतीत रेल्वेचाही संबंध आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेली लोकल १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली. परिचारिका, बँक कर्मचारी, पालिका कर्मचारी असे पालक त्यामुळे पहाटे घराबाहेर पडत. इतरांना खासगी वाहने किंवा बसने तासन्‌तास प्रवास करावा लागे. महिलांना ठरावीक वेळेत प्रवासाची मुभा ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली, सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून. दुसऱ्या लाटेत लोकलवर पुन्हा निर्बंध आले आणि लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी ती १५ ऑगस्ट २०२१ पासून खुली झाली. ज्या घरांत आईवडील दोघेही बाहेर, तिथे ऑनलाइन वर्गाची जबाबदारी आजीआजोबांवर किंवा मोठ्या भावंडांवर पडली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा ऑनलाइन वर्ग तर बंद पडलेच, मुंबई विद्यापीठालाही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

सारा अभ्यास एका उपकरणावर अवलंबून ठेवला, तर काय होते, हे यातून दिसते. मोबाइल एकच असेल, तर शाळेशी आधीच बोलून ध्वनिमुद्रित तास किंवा छायाचित्ररूपात गृहपाठ मागून घेणे श्रेयस्कर. भावंडांचे तास एकाच वेळी येत असतील, तर धाकट्याचा तास सोडून त्याला मोठ्या व्यक्तीसोबत पुस्तकातून शिकवले तरी चालते. लहान मुलाला समोरच्या माणसाकडून शिकणे पडद्यापेक्षा सोपे जाते.

पडद्यासमोर किती वेळ?

केंद्रीय शिक्षण खात्याने १४ जुलै २०२० रोजी ‘प्रग्याता’ मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा अधिक नको, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी तशीच चार सत्रे, अशी मर्यादा त्यात होती. राज्य शासनानेही त्याच महिन्यात वेळमर्यादा ठरवून दिली. तरीही काही शाळांनी पूर्ण वेळापत्रक पडद्यावर चालवले आणि पालकांनीही ‘शुल्क भरतो, तर तास पूर्ण हवेत’ असा आग्रह धरला. कमी तास म्हणजे कमी शिक्षण, ही समजूत त्यामागे होती.

डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ सांगतात तो नियम साधा आहे : दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ मुलांमधील ऱ्हस्वदृष्टीचा धोका कमी करतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. मूल डोळे बारीक करून पाहत असेल, वारंवार डोके दुखत असल्याचे सांगत असेल किंवा पुस्तक नाकाजवळ धरत असेल, तर डोळ्यांची तपासणी करून घ्यावी.

चिडचिड, एकटेपणा आणि घरातील ताण

मित्रांचा सहवास तुटणे, हे अभ्यास बुडण्याइतकेच मोठे नुकसान होते. खेळताना भांडणे, समेट करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे आईवडील शिकवू शकत नाहीत. शाळा सुरू झाल्यावर वर्गात सलग बसणे आणि डबा वाटून खाणेही काही मुलांना नव्याने शिकावे लागले. एकुलत्या एका मुलाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होता. सोसायटीतील दोन-तीन समवयस्क मुलांना ठरावीक वेळी एकत्र आणणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे आणि साथ आटोक्यात असताना तो शक्यही असतो.

आई किंवा वडील शिक्षकाच्या भूमिकेत शिरले की, दिवसभर फक्त सूचनाच दिल्या जातात. त्यातून नात्यातला ओलावा आटतो. अभ्यासाची वेळ संपली की शिक्षकाची भूमिकाही संपली, असा संकेत घरात पाळावा. मुलाची झोप, भूक किंवा बोलणे यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ ठळक फरक दिसल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शुल्काचा वाद

‘शाळा बंद, तर पूर्ण शुल्क का?’ हा प्रश्न ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाजला. राज्य शासनाने मे २०२० मध्ये शुल्कवाढीला मनाई केली. त्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि जूनमध्ये त्यास अंतरिम स्थगिती देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये राजस्थानातील प्रकरणात १५ टक्के कपातीचा निर्णय दिला, तसेच शुल्क थकल्याच्या कारणावरून विद्यार्थ्याला वर्गापासून वंचित ठेवू नये आणि निकाल अडवू नये, असे बजावले. त्यानंतर १२ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्राने १५ टक्के कपातीचा निर्णय काढला. ही सवलत त्या शैक्षणिक वर्षापुरती होती. एरवी शुल्कवाढीचा प्रश्न राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे येतो. त्यामुळे या समितीच्या बैठकांना हजर राहणे पालकांच्या हिताचे आहे.

घरीच शिकवायचे ठरवल्यास

साथीनंतर काही पालकांनी शाळेऐवजी घरीच शिक्षण सुरू ठेवण्याचा विचार केला. ‘हे कायदेशीर आहे का’ ही त्यांची पहिली शंका असते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला शाळेत दाखल करणे हे कलम १० नुसार पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद या कायद्यात नाही. गृहशिक्षणाला सरसकट मान्यता किंवा स्पष्ट बंदीही त्यात नाही. घरी शिक्षण घेण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत दिला आहे, तो फक्त तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना, २०१२ च्या दुरुस्तीद्वारे.

दुसरी शंका प्रमाणपत्राची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या समकक्ष परीक्षा देता येते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या स्तरांच्या परीक्षा होतात. पाचवीसाठी किमान वय १० आणि आठवीसाठी १३ वर्षे आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी १७ नंबरच्या अर्जाची जुनी वाट आहेच. प्रवेशाच्या तारखा आणि अटी दरवर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर तपासून घ्याव्यात.

परतीची वाटही खुली असते. शाळेत नसलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण घेण्याचा हक्क कलम ४ ने दिला आहे. हा हक्क शासकीय आणि पालिकेच्या शाळांत सहज वापरता येतो. नावाजलेल्या खासगी शाळेत जागा मिळेलच, याची मात्र खात्री नसते. म्हणून शाळेतून नाव काढण्यापूर्वी पालकांनी एका वर्षाचा खर्च, घरी राहणाऱ्या पालकाचे बुडणारे उत्पन्न आणि मुलाला मिळणारी सोबत, या तिन्ही गोष्टींचा हिशेब मांडावा.

घरातले आणि परिसरातले धडे

घरी शिकताना वेगळ्या साहित्याची गरज भासत नाही. महावितरणच्या बिलातील टप्प्यांनुसार बदलणारे दर हा सातवीचा उत्तम गणितपाठ आहे. लोकलच्या वेळापत्रकावरून वेळ, अंतर आणि वेग शिकवता येतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली रेल्वे ठाण्यात आली आणि पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ज्या फलाटावरून घरातील मोठी माणसे रोज गाडी पकडतात, तिथेच हा इतिहास आहे. कल्याणचा दुर्गाडी किल्ला, उल्हास नदी, ठाण्याची खाडी आणि येऊरचे जंगल, हे भूगोल आणि विज्ञानाचे धडे पुस्तकाबाहेर आहेत.

पुन्हा शाळा बंद ठेवण्याची वेळ आली तर

साथ असो वा अतिवृष्टी, शाळा काही काळ बंद राहण्याचा प्रसंग या भागाला नवा नाही. तशी वेळ आल्यास पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. पहिल्याच आठवड्यात मुलाचे वाचन ऐकून त्याची पातळी तारखेसह लिहून ठेवावी. महिन्याने त्याच पातळीचा वेगळा उतारा वाचून घ्यावा.

२. सोडवलेले स्वाध्याय, चाचण्या आणि वह्या जपाव्यात. २०२१ मध्ये दहावीचा निकाल अशाच अंतर्गत नोंदींवर लागला होता.

३. दिवसाचे वेळापत्रक दोन-तीन तासांचेच ठेवावे. सात तासांची शाळा घरात भरवू नये.

४. छापील पाठ्यपुस्तक हाताशी असावे. वीज आणि इंटरनेट गेले तरी त्यातून अभ्यास चालू राहतो.

५. शिक्षकांशी आठवड्यातून एकदा तरी बोलावे. करोनाकाळात अनेक शिक्षकांवर सर्वेक्षणाचीही जबाबदारी होती, हे ध्यानात ठेवून वेळ आधी ठरवून घ्यावी.

६. चौथी ते सातवीत असताना साथ अनुभवलेल्या मुलांचे अपूर्णांक, भागाकार आणि सलग लेखन कच्चे राहिले असण्याचा संभव आहे. पुढच्या वर्गात गुण कमी पडू लागल्यास शिकवणी लावण्यापूर्वी या तीन गोष्टी तपासाव्यात.

२०२० मध्ये पहिलीत असलेल्या मुलांची दहावी येईपर्यंत ही तपासणी करण्यास अवधी आहे. त्यासाठी घरातील एका मोठ्या माणसाने रोज पंधरा मिनिटे शेजारी बसून मुलाचे वाचन ऐकले, तरी सुरुवात होते.